आधी धडा

आमच्या अप्पांनी आयुष्यभर कोणाला मत दिलं, हे माझ्या आईलासुद्धा माहीत नाही. माण तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे. निवडणूक आली की सगळ्या पॅनेलची माणसं आळीपाळीने फळीवर येऊन बसायची, चहा प्यायची आणि "शेठ, यंदा आपलं ठरलंय ना?" असं विचारायची. अप्पा पुडी बांधता बांधता मान हलवायचे. त्या मान हलवण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने घ्यावा. मतदान करून आल्यावर बोटावरची शाई तेवढी दिसायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा हट्टच धरून बसले, तेव्हा म्हणाले, "मत आणि उधारीची वही, दोन्ही दुसऱ्याला दाखवायची नसतात."

आणि ३ फेब्रुवारी २०२० च्या सोमवारी संध्याकाळी सात वाजता, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डी मॉइन शहराच्या एका उपनगरातल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत, त्याच अप्पांची मुलगी तीनशे शेजाऱ्यांच्या देखत चालत गेली आणि एका पाटीखाली जाऊन उभी राहिली. पाटीवर एलिझाबेथ वॉरन यांचं नाव होतं. समोरच्या भिंतीशी बर्नी सँडर्स यांच्या पाटीखाली माझा नवरा उभा होता. बास्केटबॉलच्या जाळीखाली जो बायडन यांची माणसं जमली होती आणि त्यांत आमच्या शेजारच्या मावशी होत्या. मी त्यांना मावशीच म्हणते, आता त्यांनाही तो शब्द ठाऊक झाला आहे. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. लपायला जागाच नव्हती.

हे सगळं राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी नव्हतं, हे आधी सांगायला हवं. ती निवडणूक नोव्हेंबरात होती. ही डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्याची पहिली पायरी होती. आपल्याकडे उमेदवारी वरून येते. तिकीट कोणाला, हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. अर्ज भरायच्या आदल्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला यावर तालुक्याचं नशीब हलतं आणि ज्याला मिळत नाही तो सकाळी अपक्ष उभा राहतो. आपण मतदार आपलं डोकं वापरायला सुरुवात करतो ती नावं पक्की झाल्यावर. समोर ठेवलेल्या दोघा-तिघांतून एक उचलायचा, एवढंच आपल्याला माहीत. हा माणूस उभाच का केला, दुसरं कोणी चांगलं नव्हतं का, हा प्रश्न आपण कट्ट्यावर विचारतो. पण त्याचं उत्तर देण्याचा अधिकार आपल्याला कधी मिळालेला नाही.

मला तो २०१८ साली नागरिकत्वाबरोबर मिळाला आणि दोन वर्षांतच तो वापरायची वेळ आली. खरं सांगते, मी त्याने दडपून गेले होते.

आयोवा हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं लहान आणि लोकसंख्या सगळी मिळून ३१ लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराएवढीही धरता येणार नाही. चहूकडे मका, सोयाबीन आणि डुकरांच्या मोठमोठ्या शेडी. पण १९७२ पासून पक्षाच्या वेळापत्रकात पहिला नंबर आयोवाचा लागत आला आणि १९७६ साली जिमी कार्टर इथूनच देशाला माहीत झाले. त्या वर्षी 'आमचं अजून ठरलं नाही' म्हणणारे त्यांच्यापेक्षा जास्त होते, कार्टर खरं तर दुसरे आले होते. तरीही वर्तमानपत्रांनी त्यांना उचललं आणि वर्षाच्या शेवटी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. २०२० मध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या एकूण ३,९७९ निवडून येणाऱ्या प्रतिनिधींपैकी आयोवाच्या वाट्याला फक्त ४१ होते. वजन आकड्याचं नव्हतं, पहिलं असण्याचं होतं.

त्यामुळे २०१९ चा सबंध उन्हाळा उमेदवार आमच्या दारात होते. एकूण दोन डझनांहून जास्त माणसं या शर्यतीत उतरली होती. ऑगस्टमध्ये इथं राज्याची मोठी जत्रा भरते. काचेआड लोण्याची आख्खी गाय घडवून ठेवलेली असते, काठीला लावलेले मांसाचे तुकडे खात लोक फिरतात, आणि गवताच्या भाऱ्यांजवळच्या एका छोट्या मंचावर उमेदवार येऊन वीस मिनिटं बोलतात. जवळच एका वाहिनीने काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात, प्रत्येक बरणीवर एका उमेदवाराचं नाव. जाता-येता आपण मक्याचा एक दाणा आपल्या माणसाच्या बरणीत टाकायचा. मी दाणा हातात घेऊन बराच वेळ उभी होते. माझ्या मागे ओव्हरऑल घातलेले एक शेतकरी आजोबा होते. ते म्हणाले, घाई नाही, मीही अजून ठरवलेलं नाही. शेवटी मी दाणा न टाकताच बाहेर आले. तो कितीतरी दिवस माझ्या पर्समध्ये होता.

घरी आल्यावर मी वही केली. दहिवडीच्या बाजारातून आलेल्या मालाची अप्पा करतात तशी, रकाने पाडून. डाव्या बाजूला नावं. वरच्या बाजूला आरोग्यविमा, औषधांच्या किमती, स्थलांतरितांचे कायदे, २००२ च्या इराक युद्धाच्या ठरावावर कोणी काय मत दिलं, कारभाराचा अनुभव. माणसांना भेटले, भाषणं ऐकली, की एकेक ओळ भरायची.

वॉरन यांना ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की या बाईंनी माझ्या वहीसारखी वही केलेली आहे. पाच कोटी डॉलरच्या वरच्या संपत्तीवर दर डॉलरमागे दोन सेंट कर, हे त्या बोटांनी दाखवत सांगायच्या आणि लोक मागून 'दोन सेंट, दोन सेंट' म्हणायचे. त्या दोन सेंटांत पाळणाघरं किती, शाळांना किती, हे ओळीने यायचं. त्या एके काळी विशेष मुलांच्या शिक्षिका होत्या आणि ते त्यांच्या बोलण्यात कळायचं, कारण न समजणाऱ्यावर त्या चिडत नसत. भाषणानंतर फोटोची रांग असे आणि रांगेतला शेवटचा माणूस संपेपर्यंत त्या हलत नसत.

एमी क्लोबुशार शेजारच्या मिनेसोटाच्या. आयोवाचे ९९ च्या ९९ जिल्हे त्यांनी पालथे घातले. त्यांच्या आजोबांची गोष्ट त्या प्रत्येक सभेत सांगायच्या. आजोबा लोखंडाच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे आणि तळघरात कॉफीच्या डब्यात पैसे साठवायचे, मुलाला कॉलेजात घालायला. तो मुलगा पुढे पत्रकार झाला आणि त्याची मुलगी सिनेटर. माझ्या आईचा गव्हाच्या डब्यातला बटवा मला प्रत्येक वेळी आठवायचा. पण त्या आपल्या हाताखालच्या माणसांशी फार कठोर वागतात, अशाही बातम्या त्याच वर्षी आल्या होत्या. वहीत तेही लिहिलं.

पीट बुटिजेज यांच्या ओळीत मी भराभर लिहीत गेले आणि मग थांबले. अडतिशीचा माणूस, हार्वर्ड, ऱ्होड्स शिष्यवृत्ती, अफगाणिस्तानात नौदलाच्या राखीव दलातून सेवा, अनेक भाषा, आणि बोलणं असं की एक शब्द इकडचा तिकडे नाही. माझ्या आतली मराठी शाळा लगेच उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. आम्हाला पहिला नंबर दिसला की पुढचं काही दिसत नाही. त्यांच्या नावापुढे लिहिलेल्या गुणांतले निम्मे गुण दहावीच्या निकालाचे होते. साऊथ बेंड या लाखभर वस्तीच्या गावाचे ते महापौर. जून २०१९ मध्ये तिथं एका गोऱ्या पोलिसाच्या गोळीने एक काळा माणूस मेला आणि प्रचार सोडून त्यांना गावात परतावं लागलं, चिडलेल्या लोकांसमोर उभं राहावं लागलं. तो प्रसंग माझ्या वहीत आधी नव्हताच. मी तो नंतर बाजूला बारीक अक्षरात घातला, आणि तसा घातला याची मला लाज वाटली.

बायडन यांच्या बाबतीत उलटं झालं. १९७२ मध्ये निवडून आल्यावर काही आठवड्यांतच बायको आणि तान्ही मुलगी अपघातात गेली, २०१५ मध्ये मोठा मुलगा कर्करोगाने गेला. सभेनंतर कोणी आपलं दुःख सांगायला लागलं की हा माणूस त्या माणसाचे खांदे धरून उभा राहायचा. ते पाहिलं की माझं पेन हलायचं नाही. इराकच्या ठरावाला त्यांनी होकार दिला होता, सँडर्स यांनी नकार. हे वहीत स्पष्ट होतं. पण मला ते वाचावंसं वाटत नव्हतं.

सँडर्स यांचं वजन नवऱ्याने घरात आधीच करून ठेवलं होतं. चाळीस वर्षं तीच गोष्ट तशीच बोलणारा माणूस, असं तो म्हणायचा. ऑक्टोबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. आमच्या घरात दोन दिवस कोणी या विषयावर बोललं नाही.

मग नोव्हेंबरातल्या एका रात्री वही चाळताना मला दिसलं की तिच्यात एक रकाना आहे ज्याला मी मथळा दिलेला नाही, आणि बाकीच्या सगळ्या रकान्यांत मिळून जेवढी शाई आहे तेवढी त्या एकट्यात आहे. 'आयोवाबाहेर चालणार नाही.' 'पेनसिल्व्हेनियात अवघड.' 'बाई आहे, लोक देतील का?' 'फार म्हातारा.' 'फार तरुण.' 'समलिंगी आहे, चर्चमधली माणसं काय म्हणतील?' सगळीकडे लोक काय म्हणतील. मला काय हवं आहे ते लिहिलेलंच नव्हतं. वर्षभर मी उमेदवारांना तोलते आहे असं मला वाटत होतं, आणि मी तोलत होते माझ्या शेजाऱ्यांना. त्यांना न विचारता.

त्या रात्री अप्पांचा तराजू आठवला.

आता गावातही इलेक्ट्रॉनिक काटा आहे. भांडं ठेवलं, बटण दाबलं, शून्य झालं. पण माझ्या लहानपणी दुकानात पितळी पारड्यांचा तराजू होता. गिऱ्हाईक गोडेतेल न्यायला बरणी घेऊन यायचं, कोणी किटली, कोणी जर्मनचा डबा. अप्पा ते रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायचे आणि दुसऱ्यात धडा करायचे. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डबीत खडे, गंजलेले नट, एक मोडकी कडी आणि सायकलच्या चेनचे दोन तुकडे असायचे. एक खडा टाकायचा, काट्याकडे बघायचं, अजून एक टाकायचा, मोठा वाटला तर काढून लहान ठेवायचा. काटा मधोमध उभा राहिला की गिऱ्हाइकाला दाखवायचे, "बघून घ्या." मगच मापं ठेवायची आणि तेल ओतायचं. संध्याकाळच्या गर्दीतसुद्धा प्रत्येक भांड्याचा वेगळा धडा. मी एकदा म्हटलं, अप्पा, कालच्याच बाईंची कालचीच बरणी आहे, परत कशाला? त्यांनी बरणी उलटी करून दाखवली. तळाला कालचं तेल चिकटलेलं होतं.

धडा न करता तोललं तर भांड्याचं वजन मालात जातं. माझ्या वहीत तेच झालं होतं. भांडं माझी भीती होती. २०१६ च्या नोव्हेंबरातली ती रात्र, टीव्हीवर एकामागून एक राज्य लाल, म्हणजे ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचं, होत जाणारी. आयोवातले ३१ जिल्हे असे होते ज्यांनी ओबामांना दोनदा मत दिलं आणि मग ट्रम्प यांना. त्या जिल्ह्यांतून गाडी चालवताना मी पेट्रोल पंपावरच्या प्रत्येक माणसाकडे बघून मनात हिशेब केलेला होता, हा कोणाकडचा. ती भीती तळाला चिकटलेली, आणि तिच्यावरून मी प्रत्येक उमेदवार ओतत होते.

भांड्याला दुसरंही वजन होतं आणि ते गोड होतं. कमला हॅरिस. त्यांच्या आई चेन्नईहून आलेल्या, संशोधन करणाऱ्या. एका बाईचा साडीतला जुना फोटो पाहून मला जे वाटलं ते एखाद्या धोरणाने वाटलेलं नव्हतं. ३ डिसेंबरला, मतदानाच्या बरोबर दोन महिने आधी, पैसे संपल्याने त्या शर्यतीतून बाहेर पडल्या आणि मला घरातलं माणूस स्टेशनवर सोडून आल्यासारखं झालं. मग वही उघडून पाहिलं तर त्यांच्या ओळीत आरोग्यविम्याच्या रकान्यात मी काहीच लिहिलेलं नव्हतं. वर्षभरात एकदाही नाही. आपलं माणूस म्हणून मी त्यांना काही विचारलंच नाही. हा त्यांच्यावरही अन्याय होता.

तेव्हा मी नवीन पान काढलं. त्या बिनमथळ्याच्या रकान्याला जागाच ठेवली नाही. मी जिथं रोज उभी असते तिथून सुरुवात केली. मी एका औषधाच्या दुकानात काम करते. त्या काळात इन्शुलिनच्या एका कुपीची छापील किंमत पावणेतीनशे डॉलरच्या घरात होती. गावाकडे आई जे इन्शुलिन घेते त्याला काही शे रुपये पडतात. काउंटरवर माणसं यायची, पडद्यावर आकडा दिसायचा, आणि ती हळू आवाजात विचारायची की अर्धी मिळेल का. कुपी अर्धी मिळत नाही. एक बाई नेहमी म्हणायच्या, "पगार शुक्रवारी आहे, शुक्रवारी येते." आणि शुक्रवारी त्या कधी यायच्या, कधी नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी माणूस तोलायचा तर माझ्याकडे हे एक माप आहे आणि ते खोटं नाही, एवढं मला कळलं. त्या मापाने वॉरन वर आल्या. त्यांच्या जवळ क्लोबुशार होत्या, कारण वृद्धांच्या सरकारी विम्याला औषधांच्या किमतीवर घासाघीस करता यावी म्हणून त्या सिनेटमध्ये कितीतरी आधीपासून लागलेल्या होत्या. सँडर्स यांची योजना सगळ्यांत मोठी होती, पण तिथं पोहोचायचा रस्ता मला दिसत नव्हता. यावरून नवऱ्याचं आणि माझं पोळ्या लाटतालाटता झालेलं भांडण आमच्या मुलीला अजून आठवतं.

जानेवारीत तो बिनमथळ्याचा रकाना सगळ्या देशासमोर उघडा पडला. बाई जिंकू शकणार नाही असं सँडर्स आपल्याशी खासगीत बोलले, असं वॉरन यांनी सांगितलं. मी असं म्हणालोच नाही, असं त्यांचं म्हणणं. १४ तारखेला आमच्याच शहरात, ड्रेक विद्यापीठात, सहा जणांची वादसभा झाली. तिथं वॉरन म्हणाल्या की या मंचावरच्या पुरुषांनी मिळून दहा निवडणुका हरलेल्या आहेत आणि आजवरची प्रत्येक निवडणूक जिंकलेल्या दोघीच आहेत, आम्ही दोघी बायका. क्लोबुशार यांनी मान डोलावली. मी सोफ्यावरून उठून उभी राहिले. दोघांत खरं कोण बोलत होतं हे मी सांगू शकत नाही. पण 'बाईला लोक देतील का' हे वाक्य माझ्या वहीत माझ्या अक्षरात होतं, ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आणि म्हणून त्या सोमवारी मी वॉरन यांच्या पाटीखाली उभी होते.

कॉकस म्हणजे मतपेटी नसलेलं मतदान. सात वाजता दारं बंद. दाराशी नाव नोंदवून एक छापील कार्ड मिळतं, त्याच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २. पहिल्या बाजूवर पहिली पसंती लिहायची, सही करायची आणि आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जायचं. मग मोजणी. ज्या गटात हजर माणसांच्या किमान १५ टक्के माणसं नाहीत तो गट बाद. बाद गटातल्यांनी दुसरीकडे जायचं, किंवा दुसऱ्या बाद गटातल्यांना आपल्याकडे ओढून १५ टक्के पुरे करायचे. टिकलेल्या गटातल्यांना हलता येत नाही.

आम्ही ३०६ जण होतो. गटाला ४६ हवे होते. आमच्या प्रमुखबाईंनी डोक्यांवर हात ठेवत ठेवत मोजलं, मग उलट्या बाजूने परत मोजलं. ४२.

अँड्र्यू यांग यांच्या पाटीखाली तेरा जण होते, बहुतेक विशीतली पोरं, 'गणित' असा शब्द असलेल्या टोप्या घातलेली. तीही बाद. आम्हाला चार हवे होते आणि चार तिथं समोर उभे होते. प्रमुखबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू जा, तू बोल. मी घरून शंकरपाळ्यांचा डबा नेला होता. तो हातात घेऊनच गेले. एका पोराने शंकरपाळी खाल्ली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "तुम्ही वॉरनना का निवडलं?" सगळं वर्ष मी याच प्रश्नाची तयारी केली होती आणि तोंडातून आलं ते काउंटरवरच्या त्या बाईंचं. शुक्रवारी येते म्हणणाऱ्या. मी इंग्रजीत बोलत होते पण तो शुक्रवार मात्र मला मराठीतच दिसत होता, आमच्या गावच्या बाजारासारखा, पगार झाल्यावरच्या पिशव्यांचा. दोन पोरं माझ्याबरोबर आली. एक म्हणाला, मला विचार करायचा आहे. आणि विचार करता करता मिनिटं संपली.

४४. दोन माणसं कमी.

पाटी खाली घेतली तेव्हा आमच्यातली एक म्हातारी बाई कार्डाची दुसरी बाजू कोरीच ठेवून कोट घालून घरी गेली. मला ते जमलं नसतं, आणि तिला मी चूकही म्हणणार नाही. माझ्या कार्डाची दुसरी बाजू माझ्यासमोर होती. पहिल्या पसंतीत माणसाचं प्रेम असतं, ओढ असते, कोणीतरी हात धरून नेलेलं असतं. दुसरी पसंती लिहिताना कोणी हात धरत नाही. नवरा समोरून बघत होता, त्याने बोलावलं नाही, याचं मला बरं वाटलं. बास्केटबॉलच्या जाळीखालून मावशींनी हात हलवला. बायडन तेव्हाही सगळ्यांत 'चालणारे' उमेदवार मानले जात होते आणि तो जुना रकाना मनात हळूच उघडला. मी मनात म्हटलं, बरणी उलटी कर. मग क्लोबुशार यांच्या कोपऱ्यात गेले. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कार्डावर नाव लिहिलं आणि सही मराठीत केली, चुकून. ती चालली.

बाकी त्या रात्रीचं सगळ्या जगाने पाहिलं. निकाल कळवायचं मोबाइल ॲप कोसळलं, फोन लागेनात. आमच्या खोलीचा आकडा मला पाठ होता पण टीव्हीवर राज्याचा आकडा शून्य होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अर्धामुर्धा निकाल आला. आकडेमोडीतल्या चुका इतक्या निघाल्या की असोसिएटेड प्रेसने विजेता जाहीर करायलाच नकार दिला. प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज केसभर पुढे, डोक्यांच्या हिशेबात सँडर्स पुढे, वॉरन तिसऱ्या, बायडन चौथे, क्लोबुशार पाचव्या. आणि महिनाभरात ते चौथे आलेले बायडनच साऊथ कॅरोलिनातल्या काळ्या मतदारांच्या जोरावर सगळ्यांच्या पुढे गेले. म्हणजे कोण चालेल आणि कोण नाही याचा आम्ही आयोवात बसून वर्षभर केलेला हिशेब चार आठवडेही टिकला नाही. ज्यांनी तो खोडला त्यांच्यासारखी माणसं आमच्या व्यायामशाळेत मोजून सहा होती. दहातले नऊ लोक गोरे असलेल्या राज्याने पहिलं असू नये, हे हुलियान कॅस्ट्रो यांनी उमेदवार असताना आयोवात येऊन तोंडावर सांगितलं होतं. ते बरोबर होते. रात्रपाळीच्या नर्स, लहान मुलांच्या आया, माझ्याच दुकानातला संध्याकाळी ड्यूटीवर असलेला मुलगा, यांना सात वाजता कोण येऊ देणार होतं? पुढे पक्षाने आयोवाचा पहिला नंबर काढून घेतला. २०२४ मध्ये कार्ड टपालाने आलं, मी ते स्वयंपाकघरात बसून भरलं आणि पेटीत टाकलं. ते न्याय्य झालं. व्यायामशाळेची मला तरीही आठवण आली.

पण त्या रात्री साडेनऊला घरी आले तेव्हा गावाकडे सकाळचे नऊ वाजले होते. अप्पा दुकान उघडून बसले असणार म्हणून फोन केला. सगळं सांगितलं. पाट्या, मोजणी, दोन माणसं कमी पडणं, दुसऱ्या कोपऱ्यात जाणं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला.

"अप्पा?"

"ऐकतोय. म्हणजे सगळ्या गल्लीनं बघितलं, तू कुणाची ते?"

"हो. दोनदा बघितलं."

"आणि तुझ्या त्या शेजारच्या बाई, त्या दुसरीकडं होत्या?"

"हो."

थोडा वेळ फक्त दुकानाचा आवाज येत होता, कोणीतरी साखर मागत होतं. मग म्हणाले, "बाळ, मग उद्या त्यांच्या दारात जाशील कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. ठेवते म्हटलं आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. मावशी होत्या. माझा शंकरपाळ्यांचा डबा मी व्यायामशाळेत खुर्चीवर विसरून आले होते, तो त्यांनी उचलून घरी नेला होता. घासून, पुसून आणला होता. हातात घेतला तर जड लागला. झाकण उघडलं, आत त्यांनी केलेल्या ओटच्या बिस्किटांच्या दोन थप्पी होत्या, मध्ये कागदी रुमाल घातलेला.

अप्पांना फोन करून तेवढंच सांगितलं.